सुरुंगाचा सातबारा कोणाच्या हाती?

(वसई येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वसईत सुरुंगाविषयी बोलायचे म्हणजे एका परीने घरच्याच गोष्टीविषयी बोलायचे. हा शब्द या भूमीला दोन वाटांनी परिचित आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांच्या कोटाला वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग ठासून बुरूज उडवले, ही कथा इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. ते फुकट गेले असे समजून माणसे खिंडाराकडे धावली आणि मागाहून उडालेल्या सुरुंगाने मराठ्यांच्याच माणसांचा बळी घेतला. दुसरी ओळख दगडखाणींची. तालुक्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत खडी फोडणाऱ्या मजुराला विचारा. उडालेल्या सुरुंगापेक्षा न उडालेल्या सुरुंगाची धास्ती त्याला अधिक वाटते. म्हणूनच खाणकामाच्या नियमांत अशा सुरुंगासंबंधी स्वतंत्र तरतुदी आहेत आणि पुढच्या पाळीवर येणाऱ्या जबाबदार माणसाला त्याची माहिती देणे आवश्यक मानले आहे.

या दोन्ही अनुभवांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. न उडालेल्या सुरुंगापासून माणसाला वाचवणारी पहिली वस्तू म्हणजे माहिती. तो कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने, ज्याला तिथून चालायचे आहे त्याला, ते सांगितले पाहिजे. आजच्या माझ्या भाषणाचा विषय एवढाच आहे. युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष ओसरल्यावर जमिनीत जे सुरुंग आणि न फुटलेले बॉम्बगोळे राहतात त्यांची नोंद कोणी ठेवायची, आणि ती नोंद वाचण्याचे, वापरण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण गावच्या आणि तालुक्याच्या कारभाऱ्यांना द्यायचे की नाही?

प्रथम शत्रूचे स्वरूप पाहू. वसईच्या तटाखालच्या सुरुंगाची वात कोणा माणसाच्या हाती होती. आधुनिक भूसुरुंगाला माणूस लागत नाही. पाय पडला की तो फुटतो. तो पाय सैनिकाचा आहे की सरपण वेचणाऱ्या बाईचा, हे त्याला कळत नाही, आणि तह झाल्याची वार्ताही त्याच्यापर्यंत पोचत नाही. भूसुरुंगांच्या बळींची जागतिक मोजदाद करणाऱ्या वार्षिक अहवालानुसार २०२३ या एका वर्षात ५,७५७ माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यांतली शेकडा ८४ नागरिक होती आणि त्या नागरिकांत मुलांचे प्रमाण मोठे होते. १९९७ साली ओटावा येथे माणसांवर वापरायच्या सुरुंगांवर संपूर्ण बंदी घालणारा करार झाला. दीडशेहून अधिक देश त्यात आले. भारत, चीन, पाकिस्तान, रशिया आणि अमेरिका त्यात नाहीत. आणि ज्या युरोपने या कराराचा डिंडिम वाजवला, त्याच युरोपातील लाटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया, फिनलंड व पोलंड या देशांनी युक्रेनमधील युद्धाच्या छायेत, २०२५ साली, करारातून बाहेर पडण्याचे ठरवले. तेव्हा सुरुंगाचा काळ संपला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

सुरुंग काढणे म्हणजे काय, याविषयीही एक गैरसमज आहे. सैन्य सुरुंग काढते ते वाट मोकळी करण्यासाठी; रणगाडा पुढे गेला की काम झाले. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावर बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी जखमी अवस्थेत, गोळीबाराखाली, सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. कारवारजवळच्या चेंडिया गावच्या या माणसाला त्यासाठी परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या धैर्यापुढे मस्तक नमवलेच पाहिजे. पण शेतकऱ्याची गरज वेगळी आहे. त्याला वाट पुरत नाही, त्याला सबंध शेत हवे असते, बांधापासून बांधापर्यंत. कारण नांगर रणगाड्याच्या चाकोरीतून चालत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या कामाला जगात मानवतावादी सुरुंग-निवारण म्हणतात. जमीन साफ करणे, लोकांना धोका समजावून देणे, अपंग झालेल्यांचे पुनर्वसन, साठवलेल्या सुरुंगांचा नाश आणि बंदीसाठी लोकमत जागवणे, अशी त्याची पाच अंगे मानली जातात. या पाचांच्या मुळाशी नोंदवही आहे. कुठली जमीन संशयित, कुठली निश्चित धोक्याची, कुठली साफ झाली, कोणाला, कुठे, काय करीत असताना अपघात झाला, हे लिहिलेले नसेल तर कोट्यवधी रुपये खर्चूनही माणसे मरतच राहतात.

नोंदीचे महत्त्व जगाला ठोकर खाऊनच कळले. १९९९ साली कोसोव्होत युद्ध थांबल्यावर युगोस्लाव सैन्याच्या सुरुंगक्षेत्रांच्या नोंदी आणि बॉम्बफेकीच्या जागांची माहिती एका ठिकाणी आणावी लागली. जिनीव्हातील सुरुंग-निवारण केंद्राने तयार केलेली संगणकीय नोंदपद्धती तिथेच प्रथम वापरात आली आणि पुढे अनेक देशांनी ती स्वीकारली. परंतु यंत्र आले म्हणजे ज्ञान आले असे नव्हे. मोझांबिकमध्ये २००१ च्या सुमारास जी मोठी पाहणी झाली तिच्यात संशयित जमिनीचा आकडा अवाच्या सवा फुगला. गावकऱ्यांच्या भीतीची नोंद झाली, तिची शहानिशा झाली नाही. मग पुन्हा गावोगाव हिंडून, जमीन तुकड्यातुकड्याने तपासून, जिथे काहीच नव्हते ती क्षेत्रे वगळावी लागली आणि जी पहिल्या खेपेस सुटली होती ती नव्याने लिहावी लागली. जिल्ह्यामागून जिल्हा असा साफ करीत सप्टेंबर २०१५ मध्ये त्या देशाने स्वतःला सुरुंगमुक्त घोषित केले. फुगलेली नोंदही माणसाला उपाशी मारते, हा यातला धडा आहे. जिथे सुरुंग नाही ती जमीन भीतीपोटी पडीक राहते, आणि जिच्या खाली तो खरोखर आहे ती नोंदीबाहेर राहून जीव घेते.

नोंद बिघडते कशी? एकाच गावाची तीन नावे तीन कागदांवर असतात. वसई, बसीन आणि बसाईं हे एकच ठिकाण, हे आपल्याला सांगावे लागत नाही. पण राजधानीतल्या कारकुनाला ती तीन गावे वाटली तर दोष कोणाचा? अपघाताची जागा म्हणून ज्या दवाखान्यात जखमी नेला त्या शहराचे नाव लिहिले जाते. पाहणी करणारा गावच्या पाटलाला भेटून परत जातो. पाणी आणायला, सरपणाला आणि गुरांमागे जाणाऱ्या बायका-मुलांना जी रानवाट ठाऊक असते ती त्याच्या नकाशावर येतच नाही. यातली एकही चूक संगणकाने सुधारत नाही. ती सुधारतो तो स्थानिक माणूस, आणि तोही शिकवलेला असेल तर.

या बाबतीत कंबोडियाचे उदाहरण आपण लक्षपूर्वक अभ्यासले पाहिजे. त्या देशात १९७९ नंतर सुरुंग आणि बॉम्बगोळ्यांनी सुमारे ६५ हजार माणसे मारली वा जायबंदी केली. १९९० नंतरच्या दशकात तिथे सुरुंग काढण्याचे काम सुरू झाले तेव्हा एक निराळेच संकट पुढे आले. जमीन साफ झाली की तिची किंमत वाढे, आणि ज्या गरिबाने पाय गमावला त्याच्या हाती ती न जाता गावच्या बलवंताच्या घशात जाई. यावर उपाय म्हणून १९९९ पासून बात्तमबांग प्रांतात, आणि नंतर इतरत्र, जमीनवापर ठरवणारी प्रांतिक नियोजन केंद्रे उभी राहिली. त्यांतल्या स्थानिक कर्मचाऱ्यांना नकाशा वाचणे, नोंद ठेवणे, गावसभा घेणे यांचे शिक्षण मिळाले. गाव, गावसमूह, जिल्हा अशा पायऱ्यांनी दरवर्षी कोणती जमीन आधी साफ करायची आणि ती कोण कसणार, हे उघडपणे ठरू लागले. सगळा अन्याय संपला असा दावा कोणी करणार नाही. पण १९९६ साली चार हजारांवर असलेली वार्षिक बळींची संख्या पुढे शंभराच्या खाली आली. सुरुंग काढणाऱ्यांच्या श्रमाइतकेच याचे श्रेय अपघातांच्या अखंड नोंदीला आणि गावाने ठरवलेल्या अग्रक्रमाला आहे.

आता आपल्या घराकडे वळू. भारताने ओटावा करार स्वीकारला नाही. पण सुरुंगांच्या वापरावर मर्यादा घालणारी दुसरी आंतरराष्ट्रीय नियमावली १९९९ साली मान्य केली. पेरलेल्या सुरुंगांची नोंद ठेवणे, क्षेत्राला कुंपण व खुणा करणे, नागरिकांचे रक्षण करणे ही तिच्यातली बंधने आहेत. संसदेवरील हल्ल्यानंतर, २००१ च्या डिसेंबरपासून, पंजाब, राजस्थान आणि जम्मू-काश्मीरच्या सरहद्दीवर सैन्याने प्रचंड प्रमाणावर सुरुंग पेरले. निरीक्षकांचा अंदाज वीस लाखांच्या आसपास होता. ती जमीन म्हणजे ओसाड वाळवंट नव्हते. बव्हंशी ती पिकाखालची शेते होती. शेतकरी बाहेर पडले, पिके गेली, नुकसानभरपाईसाठी खेटे सुरू झाले. पेरताना आणि काढताना जवान मेले, जायबंदी झाले, गुरे मेली, शेतात परतलेली माणसेही मेली.

त्या वेळी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते, हे या व्यासपीठावरून सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेला, समाजवादी म्हणून देशाला परिचित असलेला नेता त्या खुर्चीवर होता. तरीही सुरुंगाचा नकाशा सैन्याच्या कपाटात राहिला आणि शेतकऱ्याला मिळाले ते काटेरी तारेचे कुंपण. मी व्यक्तीला दोष देत नाही. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे कपाट आपोआप उघडते, या भाबड्या समजुतीला माझा विरोध आहे. ज्या राज्यरचनेत माहिती वरून खाली उतरण्याची वाटच बांधलेली नाही, तिथे चांगला मंत्रीही तीच किल्ली खिशात घेऊन फिरतो. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरील राज्याची कल्पना मांडली होती. तिच्यातल्या पहिल्या दोन खांबांना अशी माहिती मिळाल्यावाचून ते शोभेचेच राहणार.

विपर्यास असा की या विद्येत आपण मागासलेले मुळीच नाही. पुण्याजवळ दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांच्या संस्थांनी उत्तर श्रीलंकेत जाऊन सुरुंग काढले आणि विस्थापित तमिळ शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनी मोकळ्या करून दिल्या. परक्या देशात आपण जे करू शकतो, त्याची वाट आपल्याच सरहद्दीवरच्या पंचायतीने का पाहावी?

सरहद्द दूर आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने गडचिरोलीकडे पाहावे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. शेजारच्या बस्तरमध्ये मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे दाबाने फुटणाऱ्या स्फोटकांवर पाय पडून मेली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती यांनी सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्या समारंभाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. बंदुका मोजल्या गेल्या. पण जमिनीत जे पुरले आहे त्याची मोजदाद कोण करणार? ज्यांनी पुरले त्यांतली काही माणसे आज शासनाच्या हाती आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती अजून ताजी आहे. चार पावसाळे गेले की झाडे वाढतील, वाटा बदलतील, ओढे पात्र सोडतील, आणि मग पुरणाऱ्यालाही जागा सापडणार नाही. जे सांगितले जाईल त्याची पोलिसांच्या गुन्हेविषयक कागदांहून वेगळी, नागरी नोंद झाली पाहिजे आणि ती ग्रामसभेपर्यंत पोचली पाहिजे. वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभांना जंगलाचे हक्क मिळाले, त्यांना त्या जंगलात पाऊल कुठे टाकू नये हे कळण्याचा हक्क नसावा, हे कसले स्वराज्य?

युद्ध नसतानाही हाच प्रश्न उभा राहतो. नगरच्या के. के. रेंजलगतच्या गावांत तोफगोळ्यांचे धातूचे तुकडे भंगारात विकण्यासाठी वेचताना गरीब माणसे मेली आहेत. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जणांचे प्राण गेले. मेलेल्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. भुकेमुळे जो माणूस धोक्याकडे जातो त्याला केवळ ‘धोका’ असा फलक दाखवून भागत नाही, हे खरे. त्याला दुसरे काम दिले पाहिजे. परंतु धोका नेमका कुठे आणि किती, हेही त्याला माहीत नसेल तर त्याची भूक आणि त्याचे अज्ञान दोन्ही मिळून त्याचा घात करतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला सुरक्षिततेचा : नकाशा गावाला दिला तर तो शत्रूच्या हाती जाईल. या आक्षेपाची टिंगल करण्याचे कारण नाही. पण गावाला सुरुंगाची जात, खोली, रांगा यांची गरज नाही. गावाला हद्द कळली पाहिजे : अमुक गट क्रमांक, अमुक ओढ्यापासून अमुक बांधापर्यंत, अमुक तारखेपर्यंत जाऊ नये. जिथे कुंपण आधीच उभे आहे तिथे हद्द सांगितल्याने कोणते गुपित फुटते? दुसरा आक्षेप असा की गावचे कारभारी अडाणी, त्यांना हे झेपणार नाही. जो तलाठी (त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गारपिटीचा पंचनामा करतो, जो पोलीस पाटील संशयास्पद मृत्यूची वर्दी देतो, त्याला काही दिवसांच्या शिक्षणात हे साधते. जागा कशी सांगावी, कोणाकोणाला विचारावे, काय हात न लावता दुरून पाहावे, वर्दी कोणाला द्यावी आणि काम झाल्यावर नोंद कशी कमी करावी, इतकेच त्याला शिकायचे आहे. सुरुंग काढण्याचे काम तज्ज्ञांचेच आहे आणि तज्ज्ञांचेच राहील. आपल्याकडे सातबाराचे चावडीवाचन करण्याची पद्धत आहे. धोक्याच्या नोंदीचेही असेच चावडीवाचन व्हावे. चुकीची हद्द वाचली गेली की गर्दीतली एखादी म्हातारीच उठून सांगेल की तो ओढा पलीकडे आहे.

आणि आपल्या वसई-विरारचे काय? इथे युद्धाचे सुरुंग नाहीत. पण माहिती वर आणि माणसे खाली, ही रचना इथेही तीच आहे. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. इमारतीला परवानगी नाही, हे कोणत्या तरी दप्तरावरून कोणाला तरी कळू शकत होते. भाडे वा हप्ते भरून राहणाऱ्या कुटुंबापर्यंत ते कोणत्या वाटेने पोचणार होते? तारापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या आपत्कालीन योजना शेजारच्या पाड्यांतल्या किती जणांनी पाहिल्या आहेत? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या ४१ व्या कलमाने आपल्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. २००९ पासून गावे महापालिकेत घ्यायची की वगळायची यावर आपण किती झगडलो! गाव महापालिकेत असो वा ग्रामपंचायतीत, त्याच्या दप्तरात धोक्याची वही आहे की नाही, हेही आता विचारू या.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. आपापल्या प्रभागात आणि गावात न उडालेल्या खाणसुरुंगांपासून पडाऊ इमारतींपर्यंत धोक्याच्या जागांची एक वही मागा. नसेल तर स्वतः सुरू करा आणि तिची प्रत दप्तरात रीतसर दाखल करा. ती सभेत मोठ्याने वाचली जाईल असा आग्रह धरा. ४१ व्या कलमाखाली कोणत्या कर्मचाऱ्याला, कधी, कसले शिक्षण दिले, याची माहिती अधिकारात विचारणा करा. आणि गडचिरोलीच्या जमिनीत राहिलेल्या स्फोटकांची नागरी नोंद, ग्रामसभांचे शिक्षण आणि जखमींचे कायम पुनर्वसन, या तीन मागण्यांचा ठराव या शिबिरातून राज्य सरकारकडे जाऊ द्या. इथून ते जंगल फार दूर आहे, हे मला माहीत आहे. पण तेंदूच्या हंगामाला फारसे महिने उरलेले नाहीत, आणि पहाटे पाने तोडायला निघणाऱ्या बाईला वाट विचारायला दुसरे कोणी नाही.